उजेडाचे चित्र

मुलांनो, नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर मोठी रोषणाई असते. तेथील एखाद्या इमारतीवर उजेडाने हलते चित्र काढायचे असेल, तर काय करावे लागेल?

प्रथम इमारतीचे माप घेतात. खिडक्या, खांब आणि कमानी यांना नेमके जुळेल असे चित्र संगणकावर तयार करतात. ते प्रोजेक्टरने भिंतीवर पाडतात. याला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात.

बंद खोलीत हे काम सोपे असते, कारण तेथे हवा तेवढा काळोख करता येतो. अमेरिकेतील डिस्नेलँडच्या भुतांच्या वाड्यात १९६९ साली पुतळ्यांवर गाणाऱ्या माणसांचे चेहरे पाडले. पुतळेच गात आहेत असे वाटू लागले!

नाक्यावर मात्र रस्त्यावरचे दिवे असतात. शिवाय प्रोजेक्टर दुप्पट लांब नेला, तर चित्र चौपट पसरते आणि उजेड पाव होतो. म्हणून तेथे जास्त शक्तीचे, बहुधा एकाहून अधिक प्रोजेक्टर लागतात. गर्दीची सावली पडू नये म्हणून ते उंच, भक्कम मचाणावर ठेवतात. पावसापासून यंत्रे व तारा झाकाव्या लागतात. रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणे तर सर्वांत महत्त्वाचे!

खेळ संपला, की भिंत होती तशीच राहते. तिला ना रंग लागतो, ना खिळा. जुन्या वास्तू सजवताना म्हणूनच ही कला उपयोगी पडते.

आज रात्री भिंतीवर टॉर्च पाडा आणि मागे सरका. उजेड कसा बदलतो ते वहीत लिहा.