‘तो हा नव्हे’ : मदिनेतील ज्यू, आरंभीचे मुसलमान आणि अपेक्षित प्रेषित

मुहम्मद पैगंबरांचे सर्वांत जुने उपलब्ध चरित्र आठव्या शतकातील इब्न इसहाक याचे. त्यात एक लहानशी आठवण आहे. ती सांगणाऱ्याचे नाव सलमा इब्न सलामा (सलमा हे इथे पुरुषाचे नाव आहे). तो लहान असताना यसरिबमध्ये, म्हणजे पुढे मदिना झालेल्या गावात, त्याच्या कुळाच्या शेजारी एक ज्यू गृहस्थ राहत असे. एके दिवशी तो येऊन मेलेल्यांचे पुन्हा उठणे, न्यायाचा दिवस, स्वर्ग आणि नरक यांविषयी बोलू लागला. मूर्तिपूजक अरबांना हे पटेना. याची खूण काय, असे त्यांनी विचारले. त्याने मक्का आणि येमेनच्या दिशेने हात केला आणि तिकडून एक प्रेषित येईल असे सांगितले. कधी? जमलेल्यांत सर्वांत लहान असलेल्या सलमाकडे पाहून तो म्हणाला की हा मुलगा पुरते आयुष्य जगला तर त्याला पाहील. पुढे पैगंबर मदिनेत आले. सलमाने त्यांना मानले, शेजाऱ्याने मानले नाही. तूच तर सांगितले होतेस, असे विचारल्यावर त्याचे उत्तर असे की होय, सांगितले होते, पण तो हा नव्हे.

या विषयावरचा पुढचा सगळा वाद त्या एका उत्तरात आहे. प्रेषित येतो आणि त्याची सूचना आधीच मिळालेली असते, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. मतभेद ओळख पटवण्याचा होता. दोन पक्षांत काहीच समान नसते तर हा वाद इतका जिव्हारी लागला नसता.

आता थोडी पार्श्वभूमी पाहू. यसरिब हे खजुराच्या बागांचे ओअॅसिस होते. तिथे बनू कैनुका, बनू नदीर आणि बनू कुरैझा या तीन मोठ्या ज्यू टोळ्या, तर औस आणि खजरज या दोन अरब टोळ्या राहत. औस आणि खजरज यांच्यात जुने वैर होते आणि ज्यू टोळ्याही त्यात कुणा ना कुणाच्या बाजूने ओढल्या जात. परंपरा सांगते की भांडणात हरले की ज्यू म्हणत, प्रेषित येण्याची वेळ जवळ आली आहे, तो आला की आम्ही तुम्हाला पाहून घेऊ. हे वर्षानुवर्षे ऐकलेल्या अरबांनी मक्केत मुहम्मद यांची भेट झाल्यावर आपसांत म्हटले की ज्यूंच्या आधी आपणच त्यांना गाठू. कुराणाच्या दुसऱ्या सुरेतही या अपेक्षेचा आणि नंतरच्या नकाराचा उल्लेख आहे. माझ्या मते औस-खजरजांना आपल्या वैरातून सोडवणारा बाहेरचा लवाद हवा होता, हे कारणही तितकेच वजनदार आहे. पण लवाद म्हणून प्रेषिताची कल्पना त्यांना परकी वाटली नाही, याचे श्रेय शेजाऱ्यांच्या बोलण्याला द्यावे लागते.

इथे एक सावधगिरी हवी. पैगंबरांचे निधन 632 मध्ये झाले आणि इब्न इसहाक सुमारे 767 मध्ये वारला. त्याचा ग्रंथ आपल्याला मुख्यतः इब्न हिशामने केलेल्या संपादनातून मिळतो. प्रयोगाचा निकाल कळल्यानंतर नोंदवहीत भरलेली निरीक्षणे आपण कशी वाचतो? ती खोटीच असतात असे नाही, पण निकालाला सोयीची तेवढी ठळक होतात. मदिनेतील ज्यूंनी स्वतः लिहिलेले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. त्या शेजाऱ्याचे वाक्यही आपण त्याला न पटलेल्या बाजूकडूनच ऐकतो.

622 मध्ये पैगंबर मदिनेत आले तेव्हा सुरुवात जवळिकीची होती. मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. आशुराचा उपवास होता. मदिनेच्या करारनाम्यात ज्यू गटांना श्रद्धावंतांसोबतचा समुदाय म्हटले असून ज्यूंना त्यांचा धर्म आणि मुसलमानांना त्यांचा, असे स्पष्ट कलम आहे. अब्दुल्ला इब्न सलाम या विद्वान ज्यूने पैगंबरांना मानले. बहुसंख्य ज्यूंनी मात्र मानले नाही. साधारण सोळा-सतरा महिन्यांनी, 624 मध्ये, नमाजाची दिशा जेरुसलेमहून मक्केच्या काबाकडे वळली.

पुढची घसरण वेगाने झाली आणि ती केवळ धर्मशास्त्राची नव्हती. मक्केशी युद्ध चालू असताना कोण कुणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्यात होता. बनू कैनुका 624 मध्ये आणि बनू नदीर 625 मध्ये हद्दपार झाले. 627 मध्ये खंदकाच्या लढाईनंतर, करार मोडून शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून बनू कुरैझाच्या पुरुषांना ठार मारण्यात आले आणि बायका-मुलांना गुलाम करण्यात आले. मारल्या गेलेल्यांचे आकडे मुस्लिम ग्रंथांतच 400 ते 900 असे वेगवेगळे येतात. त्याच ग्रंथांत 625 च्या उहुदच्या लढाईत पैगंबरांच्या बाजूने लढून मेलेल्या मुखैरीक या ज्यूचे नावही आदराने येते.

अरबस्तानाबाहेरचे ज्यू हे सारे कसे पाहत होते? त्यांचा काळ उलथापालथीचा होता. 614 मध्ये इराण्यांनी जेरुसलेम घेतले, पुढे बायझंटाईन सम्राट हिराक्लियसने ते परत मिळवले आणि ज्यूंच्या सक्तीच्या बाप्तिस्म्याचे हुकूम निघाले. ‘याकोबाची शिकवण’ हे ग्रीक पुस्तक 634 च्या कार्थेजमध्ये घडणारा संवाद सांगते. पुस्तक ख्रिस्ती हेतूने लिहिलेले असले तरी त्यात अरबांमध्ये प्रेषित उठल्याच्या बातमीवर ज्यूंची चर्चा आहे. एक वृद्ध विद्वान म्हणतो की तलवार घेऊन येणारा प्रेषित खरा नसतो. याच्या नेमके उलट ‘रब्बी शिमोन बार योहायची रहस्ये’ या हिब्रू ग्रंथात दिसते. त्यात इश्माएलाचे राज्य हे ज्यूंना रोमच्या जाचातून सोडवण्यासाठी देवानेच उभे केले आहे आणि त्या लोकांसाठी प्रेषितही त्यानेच उठवला आहे. म्हणजे मुहम्मद यांना ‘आपला’ प्रेषित न मानताही त्यांच्या येण्यात देवाची योजना पाहणारे ज्यू होते.

पुढच्या शतकांत वाद रणांगणावरून ग्रंथांत गेला. कुराणाच्या सातव्या सुरेत म्हटले आहे की या प्रेषिताचा उल्लेख तोरा आणि शुभवर्तमानात सापडतो. मग तोरात तो कुठे? मुस्लिम लेखकांनी ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवले. तिथे मोशेसारखा प्रेषित ‘भावांमधून’ उठवण्याचे वचन आहे. इस्माईल हा इसहाकचा भाऊ, म्हणून भाऊ म्हणजे अरब, असे मुस्लिम म्हणतात. ज्यू उत्तर असे की सतराव्या अध्यायात राजाही भावांमधूनच निवडायला सांगितला आहे आणि तिथे अर्थ इस्राएली असाच होतो. गंमत म्हणजे तेविसाव्या अध्यायात अदोमी या शेजारच्या लोकांनाही भाऊ म्हटले आहे. शिवाय अठराव्या अध्यायात ते वचन दोनदा येते. पंधराव्या वचनात ‘तुझ्यामधून’ असा जादा शब्द आहे, अठराव्यात नाही. ज्याला जे वचन सोयीचे, त्याने ते पुढे केले.

दुसरा मुद्दा गणिताचा आहे, म्हणून मी तिथे जरा रेंगाळतो. द्विपद गुणकांचा त्रिकोण शिकवताना मी समवअल अल-मगरिबी याचे नाव सांगतो. बाराव्या शतकातील या बीजगणितज्ञाने अल-करजीचा तो त्रिकोण आपल्या ग्रंथात जपून ठेवला. तो बगदादच्या ज्यू घरात जन्मला, 1163 मध्ये मुसलमान झाला आणि त्याने ज्यूंच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. ‘उत्पत्ती’च्या सतराव्या अध्यायात देव इश्माएलाला अतिशय वाढवण्याचे वचन देतो. ‘अतिशय’साठी तिथे हिब्रूत ‘बिमओद मओद’ असे शब्द आहेत. हिब्रू आणि अरबी अक्षरांना ठरावीक अंकमूल्ये असतात. आपल्याकडे नोटांवर शोधला जाणारा 786 हा आकडाही याच पद्धतीतला. आता बेरीज करून पाहा. ब 2, म 40, अलेफ 1, द 4, मिळून 47. पुन्हा म 40, अलेफ 1, द 4, मिळून 45. एकूण 92. ‘मुहम्मद’मध्ये म 40, ह 8, म 40, द 4. हेही 92. समवअलला यात नावच दिसले.

संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना इथे हॅशमधली टक्कर आठवेल. आकडे थोडे आणि शब्द हजारो, तेव्हा बेरजा जुळणारच.

1172 च्या सुमारास मायमोनिडीस या ज्यू तत्त्वज्ञाने येमेनच्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रात याच 92 ला उत्तर दिले. त्याने बेरीज नाकारली नाही. तो म्हणाला की तुमच्याच म्हणण्याप्रमाणे पूर्वग्रंथांत सांगितलेले नाव ‘अहमद’ आहे. अलिफ 1, ह 8, म 40, द 4, म्हणजे 53. मग 92 कशासाठी?

ते पत्र वाचणाऱ्यांसाठी हा आकडेमोडीचा खेळ नव्हता. येमेनमध्ये तेव्हा ज्यूंवर धर्मांतराची सक्ती होत होती, मशीहा आपल्या आधी पाठवलेला दूत मीच, असे म्हणणारा एक ज्यू गावोगाव फिरत होता, आणि धर्मांतर केलेला एक ज्यू हीच वचने दाखवून लोकांना वळवत होता. यातला खरा कोण, हे विचारायला त्यांनी इजिप्तला पत्र पाठवले होते.