कोयता बीडचा, भाव न्यूयॉर्कचा!

माहीत आहे का, बीड जिल्ह्यात माणसं कोयत्यात मोजतात? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता! ऊसतोडीची टोळी बांधताना मुकादम कोयते मोजतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, ठरते कोयत्यावरच.

दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारकडची गावं रिकामी होऊ लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं. बाकी बिऱ्हाड ट्रकमध्ये, ट्रॅक्टरवर, नाहीतर बैलगाडीत. मुक्काम? सांगली, कोल्हापूर, नाहीतर थेट कर्नाटकातलं बेळगाव!

आता सीन बदलूया. मुक्काम पोस्ट न्यूयॉर्क! तिथल्या 'आयसीई' एक्स्चेंजवर कच्च्या साखरेचे वायदे चालतात. नाव एकदम सिनेमाचं: 'शुगर नंबर ११'. जगाच्या कच्च्या साखरेचा भाव याच्याकडे बघून ठरतो. पैसे सेंटमध्ये, वजन पौंडांत. एक सौदा १,१२,००० पौंडांचा, म्हणजे जवळपास ५१ टन साखर.

घ्या कॅल्क्युलेटर! टनभर उसातून साधारण १०० किलो साखर निघते. म्हणजे एका सौद्यामागे ५०० टन ऊस. एक कोयता दिवसभर राबून दीड-दोन टन तोडतो. दोन टन धरा आणि भागाकार करा... अडीचशे दिवस! आणि गाळप हंगाम? जेमतेम पाच-सहा महिने. अंधार असताना फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. अख्खा हंगाम असा गेला तरी एका जोडप्याच्या हातून एक सौदा पुरा होत नाही. स्क्रीनवर तोच सौदा एका क्लिकमध्ये! आणि अशा बहुतेक सौद्यांत साखरेचं पोतं जागचं हलतसुद्धा नाही. मी हा भागाकार तीनदा केला. उत्तर तेच.

बरं, 'शुगर' हा शब्द कुठून आला, माहीत आहे का? आपल्या 'शर्करा'पासून! फारसी, अरबी असा प्रवास करत तो युरोपात पोहोचला. शब्दाची निर्यात आपण केव्हाच केली आहे.

बेळगावची कमालही ऐका. तिथल्या श्री रेणुका शुगर्सनं २०१० च्या सुमारास थेट ब्राझीलमधले साखर कारखाने घेतले. बेळगाव टू ब्राझील! पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि २०१८ मध्ये कंपनीचा ताबा गेला सिंगापूरच्या विल्मारकडे. कंपनीनं तीन देश बघितले. फडातला कोयता मात्र हातानंच चालतो. तिकडे ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात जवळपास सगळा ऊस यंत्रं तोडतात.

लवाद किती प्रकारचे? दोन ऐका! एक जिनिव्हातला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की भारत ऊस उत्पादकांना प्रमाणाबाहेर आधार देतो. २०२१ च्या डिसेंबरात निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं, पण अपील ऐकायला तिथे एकही न्यायाधीश नव्हता! दुसरा लवाद आपल्या महाराष्ट्रातला. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर नेला. ३४ टक्के वाढ! तिकडे भांडण देशांचं, इकडे मागणी पोटाची. आणि ऊस तोच.

इथे थोडं थांबूया. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडमधल्या ऊसतोड महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दिवस बुडाला की खाडा, खाडा झाला की पैसे कापले. पाळीचा त्रास कुणाला सांगायचा? २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं महाराष्ट्रातल्या साखरेचा माग काढत कोक आणि पेप्सीपर्यंत जाऊन ही गोष्ट जगापुढे मांडली. पुढच्या वेळी बाटलीचं झाकण उघडताना हे आठवाच.

चला, उसातून कापसात! बीटी कपाशीतलं 'बीटी' कुठलं, माहीत आहे का? जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांताचं नाव लागलेला हा मातीतला जिवाणू, 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस'. त्याचं जनुक अमेरिकेच्या मॉन्सँटोनं कपाशीत घातलं. शेजारच्या जालन्याची महिको भागीदार झाली. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. आणि २०१८ मध्ये मॉन्सँटोच विकत घेतली कुणी? जर्मनीच्या बायरनं! नाव फिरून घरी पोहोचलं. बियाण्याची पिशवी दरसाल विकत घेणं मात्र शेतकऱ्याकडेच राहिलं.

आणि आता गोड ट्विस्ट! सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. पण २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं कुणाला? बालाघाटच्या डोंगरात, खडकाळ उतारावर पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला! फळ पाहुणं, पण कागदोपत्री नाव बीडचं.