संमतिपत्रावरील सही आणि मणक्याची शस्त्रक्रिया

कोपर स्थानकात गाड्या दोन पातळ्यांवरून धावतात. खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वर दिवा–वसई मार्ग. या दोहोंना जोडणाऱ्या जिन्यावर सकाळी क्षणभर थांबले, तर कमरेवर हात ठेवून एकेक पायरी चढणारी माणसे सहज दृष्टीस पडतात. व्यापारी कुटुंबांना हे दुखणे नवे नाही. दिवसभर गादीवर बैठक आणि मध्येच उठून कापडाचे गठ्ठे किंवा धान्याची पोती हलवणे, यांत कंबर झिजते. बहुतेकांचे औषध, व्यायाम व विश्रांतीने भागते. काहींना मात्र डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात आणि मग एक संमतिपत्र समोर येते. हुंडीचा प्रत्येक शब्द तपासल्याशिवाय सही न करणारे घरातील वडीलधारे या कागदावर न वाचताच सही करतात.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत अंतर फार थोडे असते. कमरेत पाच मणके. बहुधा दुखावते ती चौथ्या-पाचव्या मणक्यामधील किंवा त्याखालची चकती. शस्त्रक्रियेच्या वेळी क्ष-किरण यंत्रावर मणके मोजून जागा निश्चित करावी लागते. मोजणीत चूक झाली, तर रोगट चकती तशीच राहून शेजारच्या चकतीवर शस्त्र चालते. हा दोष उघड असतो. परंतु जंतुसंसर्ग, मज्जारज्जूच्या आवरणास चीर पडणे, दुखणे पुन्हा उद्भवणे हे धोके पुरेपूर काळजी घेऊनही संभवतात. अपेक्षित गुण आला नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीत. संतापाच्या भरात वकिलाकडे धावणाऱ्यांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

मग दोष ठरतो कशावरून? याचे उत्तर देणारा मूलभूत खटला महाराष्ट्रातलाच आहे. 6 मे 1953 रोजी कोकणातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. वडील स्वतः वैद्यक व्यवसायातले. त्यांनी मुलाला पुण्यास आणले आणि 9 मे रोजी दुपारी एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल केले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने देण्यास सांगितले होते. दिले गेले एकच. पूर्ण भूल न देता, तीन माणसांच्या साहाय्याने पाय ओढून प्लास्टर घालण्यात आले. सात वाजेपर्यंत मुलगा शुद्धीवर येईल, या आश्वासनावर वडील गावी निघाले. आई खोलीत थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जात असल्याचे तिच्याच ध्यानी आले. रात्री नऊला तो गेला.

दाखल्यावर मृत्यूचे निराळेच कारण लिहिले होते. न्यायालयांनी ते मानले नाही. नुकसानभरपाई ठरली 3,000 रुपये. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तो दिवस 2 मे 1968. मुलाच्या मृत्यूला तोवर पंधरा वर्षे होत आली होती. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि ते करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरांनी वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे सूत्र ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या निकालाने घालून दिले.

मज्जारज्जूच्या बाबतीत हेच सूत्र हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटविरुद्धच्या खटल्यात कसास लागले. 1990 साली अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याच्या छातीतील, मणक्यालगतची गाठ काढताना त्याचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. मेंदू व मज्जारज्जूचा शल्यतज्ज्ञ सोबत घेतलेला नव्हता. संमती होती ती तपासणीपुरता तुकडा काढण्याची. काढली गेली संपूर्ण गाठ. त्या तरुणाने चाकाच्या खुर्चीतून आपली बाजू स्वतः मांडली आणि 14 मे 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक कोटी रुपये व्याजासह देवविले.

‘कर्माचे भोग’ म्हणून गप्प बसणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. क्षमा हा आपला धर्म खराच; पण अंथरुणास खिळलेल्या कर्त्या पुरुषाच्या औषधपाण्याचा खर्च क्षमेने भागत नाही. शुल्क घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे 1995 पासून ठरलेले आहे. नव्या कायद्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तेच पुन्हा सांगितले. तक्रारदार राहतो तेथेही तक्रार करता येते. म्हणजे शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली, तरी कोपरच्या रहिवाशाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर तक्रारीस शुल्क नाही.

खटला उभा राहतो तो कागदांवर. रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांत उपचारांच्या नोंदी देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. मात्र त्या जपून ठेवण्याचा त्यांचा काळ तीन वर्षांचाच. मागणी लेखी करून पोच घ्यावी. शस्त्रक्रियेची टिपणे, भूल दिल्याची नोंद आणि संमतिपत्राची प्रत त्यात आवर्जून मागावी. एमआरआयच्या फिल्म बहुधा घरातच असतात. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जाणार नाहीत एवढे पाहावे.