मुलांच्या नावाचे पैसे

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. वेल्समधल्या अॅबरफॅन या खाणगावातल्या पँटग्लास प्राथमिक शाळेत मुले खुशीत होती. दुपारी बारा वाजता शाळा सुटणार होती आणि त्यानंतर आठवडाभराची सुट्टी. सकाळी दरीत इतके धुके होते की हाताच्या अंतरावरचे दिसत नव्हते. हजेरी नुकतीच सुरू झाली होती.

त्याच वेळी डोंगरावर स्वच्छ ऊन पडले होते. तिथे काम करणारे खाणमजूर साडेसातलाच वर पोहोचले होते. कोळशाबरोबर निघालेला दगड, माती, चुरा जिथे टाकत, तो सात नंबरचा ढिगारा रात्रीतून कित्येक फूट खचलेला त्यांना दिसला. खाली कळवायला फोन नव्हता, तार चोरीला गेली होती. एकाला चालत पाठवले. तो निरोप घेऊन परत आला की आज माल टाकू नका. सव्वानऊच्या सुमारास त्यांच्या डोळ्यांदेखत ढिगारा आधी फुगला, मग वितळल्यासारखा सुटला आणि उतारावरून खाली धुक्यात नाहीसा झाला.

खाली कुणाला काहीच दिसले नाही. वाचलेली मुले पुढे सांगत, डोक्यावरून जेट विमान जावे तसा आवाज आला. तेवढेच. काही क्षणांत शाळा आणि शेजारच्या रस्त्यावरची घरे काळ्या चिखलाखाली गेली. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले. बहुतेक सात ते दहा वर्षांची. पाच शिक्षकही गेले.

खाणीत पाळीवर असलेले बाप फावडी घेऊन वर धावले. आया आधीच तिथे पोहोचल्या होत्या, नखांनी चिखल उकरत होत्या. मधूनच शिट्टी वाजे आणि शेकडो माणसे जागच्या जागी थांबत, आतून एखाद्या लेकराचा आवाज येतो का ते ऐकायला. अकरानंतर एकही जीव जिवंत निघाला नाही. जवळच्या बेथानिया प्रार्थनाघरात बाकांवर मय्यती ठेवल्या होत्या. आईबाप बाहेर तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, आत जाऊन एकेका चेहऱ्यावरची चादर बाजूला करून आपले मूल ओळखायचे.

वणी, घुग्घुस, बल्लारपूरकडच्या वाचकांना असे ढिगारे नवे नाहीत. तिथे कोळशावरची माती काढून रस्त्याकडेला डोंगर उभे केलेले असतात. लोक त्याला ‘ओबी’ म्हणतात. अॅबरफॅनची खाण जमिनीखालची होती, तरी नको असलेला माल कुठेतरी टाकावाच लागे. गावावरच्या डोंगरावर असे सात ढिगारे होते. १९५८ साली सातवा सुरू केला तो थेट झऱ्यांवर. झरे नकाशावर होते आणि डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत होते. कोरडा दगड एकमेकाला धरून राहतो. बारीक चुऱ्यात पाणी मुरत गेले की तीच रास आतून लापशीसारखी होते, वरून मात्र घट्ट दिसते. सातवा ढिगारा १११ फूट उंच झाला होता. ऑक्टोबरभर पाऊस पडत होता.

ही गोष्ट कुणाला सुचली नव्हती असे नाही. १९४४ मध्ये त्याच डोंगरावरचा एक ढिगारा घसरला होता. १९६३ मध्ये हा सातवाच सरकला होता. त्याच वर्षी नगरपालिकेच्या अभियंत्याने खाण चालवणाऱ्या सरकारी नॅशनल कोल बोर्डाला पत्र लिहिले होते. विषय होता, शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका. १९६४ च्या जानेवारीत एका नगरसेविकेने सभेत सांगितले की हा ढिगारा हलला तर सबंध शाळाच धोक्यात येईल. शाळेत काळे पाणी शिरते म्हणून मुलांच्या आयांनी मुख्याध्यापिकेकडे अर्ज दिला, तिने तो वर पोहोचवला. ती मुख्याध्यापिकाही त्या शुक्रवारी शाळेतच होती. ती वाचली नाही.

मग गावाने आणखी ओरड का केली नाही? कारण ढिगारा नको म्हणणे म्हणजे खाण नको म्हणण्यासारखे होते, आणि घरोघरची चूल त्याच खाणीवर पेटत होती. हे कोड ज्याने सोसले नाही त्याने त्या गावाला दोष देऊ नये.

बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स त्या दिवशी एका विद्यापीठाचे कुलपतीपद स्वीकारायला गेले. अॅबरफॅनला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले आणि म्हणाले, तिथल्या झऱ्यांची आम्हाला माहिती नव्हती. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी मंडळाचे काम ७६ दिवस चालले. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. दोष स्पष्टपणे कोल बोर्डावर ठेवला होता. पण एकावरही खटला झाला नाही, एकाचीही नोकरी गेली नाही. रॉबेन्स यांचा राजीनामा सरकारने घेतला नाही. पुढे कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनाच नेमले. ढिगाऱ्यांच्या सुरक्षेचा कायदा १९६९ मध्ये झाला, त्याआधी तसा कायदाच नव्हता.

अॅबरफॅनचे नाव निघाले की बहुतेकांना शाळा आठवते. मला त्यानंतरची पैशांची हकीकत सोडवत नाही.

दुर्घटनेची बातमी गेली तशी जगभरातून मदत आली. सुमारे ९० हजार देणग्या, एकूण साडेसतरा लाख पौंड. हे पैसे त्या मुलांच्या घरांसाठी आणि गावासाठी लोकांनी दिले होते. आपल्याकडे अशा पैशाला अमानत म्हणतात. कोल बोर्डाने एका मुलामागे ५०० पौंड भरपाई ठरवली. निधीतून घरटी ५ हजार पौंड द्यायचे ठरले, तेव्हा धर्मादाय आयोगाने विश्वस्तांना सुचवले की आईबाप त्या मुलाच्या खरोखर जवळचे होते का, याची प्रत्येक घरी आधी खात्री करून घ्या.

आणि डोंगरावर बाकीचे ढिगारे तसेच होते. पाऊस आला की आया खिडकीतून वर बघत बसायच्या. ते हटवा, एवढीच गावाची मागणी होती. बोर्डाचे म्हणणे, खर्च फार आहे आणि ढिगारे आता सुरक्षित आहेत. सरकारही टाळत होते. शेवटी १९६८ मध्ये गावकऱ्यांनी काळ्या गाळाच्या पिशव्या कार्डिफच्या सरकारी कार्यालयात नेऊन आत ओतल्या. तेव्हा ढिगारे हटवायचे ठरले. पण सरकारने अट घातली की खर्चात निधीनेही वाटा उचलावा. दीड लाख पौंड. म्हणजे मुलांच्या नावाने आलेल्या पैशातून, मुलांना मारणाऱ्याचा कचरा उचलायचा. विश्वस्तांपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, त्यांनी रक्कम दिली. ती थांबवणे ज्या धर्मादाय आयोगाच्या हातात होते, त्याने हरकत घेतली नाही.

वाचलेल्या मुलांचे काय झाले? वर्गातले मित्र गेले, भाऊ-बहीण गेले. त्यांतले कित्येक मोठेपणी सांगत की आम्ही बाहेर रस्त्यावर खेळायला जात नसू. खेळताना बघून ज्यांची मुले गेली त्यांना काय वाटेल, ही धास्ती. जिवंत असल्याचीच शरम. ३३ वर्षांनी डॉक्टरांनी ४१ जणांना तपासले. त्यांतल्या २९ टक्क्यांना तेव्हाही त्या सकाळच्या धक्क्याचा मानसिक आजार होता. झोपेत दचकणे, गर्दीची भीती, खराब हवेत जीव घाबरणे. पोरांना बोलते करावे, हे त्या काळी फारसे कुणाला सुचत नसे. घरात तो विषय निघाला की अम्मी उठून जाते, हे मूल लवकर शिकते आणि गप्प होते.

ते दीड लाख पौंड १९९७ मध्ये नव्या सरकारने परत केले. नेमके दीड लाख. २९ वर्षांत पौंडाची किंमत किती घसरली, याचा हिशेब कुणी धरला नाही. तो धरायला आणखी दहा वर्षे गेली. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने २० लाख पौंड दिले. त्यातले १५ लाख स्मारकाच्या निधीत गेले. गावावरच्या उतारावर मुलांच्या कबरींच्या दोन लांब रांगा आहेत, वर पांढऱ्या कमानी. त्यांची देखभाल आता त्या पैशातून होते.