भाषणे ऐकायला ब्रुसेल्सला कशाला?

२०२४ च्या फेब्रुवारीत मी व माझे तीन सहकारी बेल्जममध्ये ब्रुसेल्स येथे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या एका अधिवेशनास जाऊन आलो. परतल्यावर शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मला विचारले, “तिथली भाषणे चित्रित होतात आणि मागाहून कोणालाही फुकट पाहता येतात, असे तुम्हीच सांगता. मग एवढे विमानभाडे खर्चून गेलात कशाला?” प्रश्न रास्त होता. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. खरे उत्तर मला स्वतःलाच पुढे दोन महिन्यांनी सापडले, आणि तेच आज आपणांपुढे मांडायचे आहे.

प्रथम हे अधिवेशन कसले ते सांगतो. त्याचे नाव फॉसडेम. ते ब्रुसेल्समध्ये भरते. फेब्रुवारीच्या आरंभीचा शनिवार-रविवार, जागा विद्यापीठाचे सोलबॉश येथील आवार. प्रवेशमूल्य नाही, नावनोंदणी नाही, छातीवर नावाचा बिल्लाही नाही. यावे आणि बसावे, अगदी आपल्या वसंत व्याख्यानमालेसारखे. विषय एकच, मुक्त सॉफ्टवेअर. दुकानातला चिवडा आपण पाकीट फोडून खातो, पण त्यात काय पडले आहे ते दुकानदार सांगत नाही. शेजारची काकू मात्र चिवड्याबरोबर कृतीही लिहून देते आणि “तुम्हांला हवे तर खोबरे वाढवा” असेही म्हणते. मुक्त सॉफ्टवेअर हे काकूच्या चिवड्यासारखे आहे. त्याचे मूळ लेखन कोणीही वाचावे, बदलावे, पुढे वाटावे.

अशा मेळाव्यांची परंपरा जुनी आहे. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाखाली सुमारे पन्नास तज्ज्ञ जमले होते. आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, झाल्या तर बिनचूक नसतात, ह्या चिंतेने ते आले होते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द ह्या परिषदेमुळे रूढ झाला. तेथे डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी एक कल्पना मांडली. जसे यंत्राचे सुटे भाग तयार मिळतात, तसे आज्ञावलीचेही तयार भाग मिळावेत, प्रत्येकाने सारे पहिल्यापासून घडवत बसू नये. त्या भागांचा मोठा उद्योग उभा राहील अशी त्यांची अपेक्षा होती. भाग पुढे तयार झाले, अक्षरशः लाखोंनी झाले. पण त्यांतले कितीतरी कोणा हौशी माणसाने रात्री जेवण आटोपल्यावर घरी बसून घडवलेले आहेत. बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या त्यांवर चालतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता आमची फजिती. पहिल्या दिवशी आम्ही चौघे एकमेकांना सोडावयास तयार नव्हतो. एकत्र बसलो, एकत्र उठलो, एकत्र रांगेत उभे राहून बटाट्याच्या फोडी खाल्ल्या आणि दिवसभर मराठीत बोललो. परिणाम असा की, हजारो माणसांत आमच्याशी कोणी चार शब्द बोलले नाही. त्यात तिथले वर्ग लहान, गर्दी अफाट. वर्ग भरला की दारावर ‘जागा नाही’ असा कागद लागतो आणि तो लागल्यावर रदबदली चालत नाही. चौघांना एकत्र जागा मिळावी म्हणून आम्ही तीन व्याख्याने गमावली. संध्याकाळी आमच्यातल्या सर्वांत धाकट्याने एक नियम सांगितला. अमेरिकेतील एरिक होल्शर ह्यांनी सुचवलेला हा नियम पॅक-मॅन ह्या खेळाच्या नावाने ओळखला जातो. घोळका करून उभे राहाल तेव्हा एका माणसापुरती फट मोकळी ठेवा, म्हणजे येणाऱ्याला आत शिरता येते. इतका साधा नियम, पण आम्ही तर भिंतच बांधून उभे होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही पांगलो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी जिन्यात बसून पाव खात असता शेजारच्या गृहस्थांशी बोलू लागले. बोलता बोलता उमगले की, आमच्या कचेरीत सहा वर्षे वापरात असलेला एक लहानसा भाग हेच गृहस्थ एकटे सांभाळतात. नोकरी दुसरीच, हे काम फावल्या वेळचे, मोबदला शून्य. आमच्या सहकाऱ्यांनी आपले नाव सांगितले. गृहस्थ हसून म्हणाले, “तुमचे पत्र आठवते मला.” दोन वर्षांपूर्वी ह्यांनीच त्यांना एक खरमरीत पत्र धाडले होते: दुरुस्तीला इतका विलंब का, जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे सोपवा. सहकारी ओशाळले. मग दोघे तासभर बोलत बसले आणि तीन आठवडे अडलेली आमची एक गाठ तिथेच सुटली.

येथवरची गोष्ट गोड आहे. आता दुसरी ऐका.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरने एक इशारा प्रसिद्ध केला. आपल्या यंत्रात दूरच्या संगणकावरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्यांना खटकले होते. माग काढता काढता ते ‘एक्स-झेड’ नावाच्या, मजकूर आवळून लहान करणाऱ्या भागापाशी पोचले. त्या भागाच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणी चोरदार बसवले होते. ते जगभर पसरते तर असंख्य संगणकांच्या किल्ल्या एकाच हाती गेल्या असत्या.

हे साधले कसे? तो भाग एकच गृहस्थ वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया तान’ हे नाव धारण करणारा कोणी त्यांना निष्ठेने मदत करू लागला. पुढे काही अनोळखी नावांनी टोचणारी पत्रे येऊ लागली: काम फार मंद चालते, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. थकलेल्या माणसाने अखेर अधिकारात वाटा दिला तो त्या मदतनिसाला. ‘जिया तान’ म्हणजे कोण, एक माणूस की अनेक, हे आजतागायत उजेडात आलेले नाही.

मास्तरांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तोंडओळख असती तर हे टळले असते?” नाही, तसा दावा मी करणार नाही. लबाड माणूस ब्रुसेल्सलाही येऊ शकतो, आणि कित्येक सज्जनांना प्रवासखर्च झेपत नाही. पण ज्याच्याशेजारी जिन्यात बसून आपण पाव खाल्ला तो थकला आहे, एकटा आहे, हे दिसते. पडद्यावरच्या व्याख्यानात ते दिसत नाही. आणि त्या टोचणाऱ्या पत्रांची भाषा वाचताना आमच्या कचेरीत जी शांतता पसरली तिचे कारण निराळेच होते. ती आमच्याच पत्राची भाषा होती. आमच्या मनात कपट नव्हते, एवढाच काय तो फरक.

“मग तुमच्या त्या सहकाऱ्यांनी पुढे काही केले की नाही?” मास्तरांनी विचारले.

केले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्यातल्या गृहस्थांना पुन्हा लिहिले. ह्या खेपेस तक्रार नव्हती. दोन दुरुस्त्या तयार करून, तपासून सोबत जोडल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी स्वीकारली, दुसरी चुकीची म्हणून परत धाडली.