नळ गोठण्यापूर्वी

डिसेंबरच्या एखाद्या पहाटे श्रीनगर, लेह किंवा मनाली येथील गृहिणी चहासाठी पाणी घ्यावयास जाते, तोटी फिरविते, आणि नळातून थेंबही येत नाही. रात्रीतून पाणी गोठलेले असते. मग निसरड्या वाटेवरून तोल सावरीत दुरून पाणी वाहून आणण्याची पाळी घरच्या माणसांवर येते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’ म्हणून ओळखले जातात. थंडीचा कडाका याच काळात सर्वांत अधिक असतो. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरचा पारा शून्याखाली ८.५ अंशांपर्यंत उतरला होता. नोकरीनिमित्त त्या बाजूस जाऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे संकट अगदीच अपरिचित असते. कोरडा नळ म्हणजे उन्हाळ्यातील टंचाई, एवढेच त्यांना ठाऊक!

नळ फुटतो तरी का? पाणी ४ अंशांपर्यंत थंडीने आकुंचन पावते. त्याखाली मात्र ते प्रसरण पावू लागते, आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत बर्फ वाढू लागला की पुढचे पाणी बंद तोटीकडे रेटले जाते. या कोंडलेल्या पाण्याचा दाब असह्य झाला म्हणजे लोखंडी नळीसुद्धा तडकते. पुष्कळदा तर जेथे बर्फ नसतो, नेमकी तेथेच. ही चीर त्या वेळी दिसत नाही. बर्फ वितळल्यावर भिंती ओल्या होतात, तेव्हाच ती कळते.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. नळीत पाणीच नसेल, अथवा दाबाला वाट असेल, तर नळ फुटण्याचे भय उरत नाही.

म्हणून रात्री निजण्यापूर्वी घरातील भांडी, बादल्या भरून घ्याव्यात. नंतर बाहेरून येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी बंद करावी आणि सर्वांत खालची व सर्वांत वरची तोटी उघडावी. वरून हवा शिरते व खालून पाणी निघून जाते. सकाळी पाणी सोडण्यापूर्वी तोट्या बंद करण्यास मात्र विसरू नये. हे शक्य नसेल तेव्हा एका तोटीतून बारीक धार चालू ठेवावी व तिच्याखाली बादली ठेवावी, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. सुटीत गावी जाताना तर नळ, टाकी व गिझर रिकामे करूनच कुलूप लावावे. गिझर रिकामा करण्यापूर्वी त्याची वीज बंद करणे आवश्यक आहे.

उघड्यावरील नळ्यांना पेंढा, गोणपाट किंवा फोमचे वेष्टन घालावे, व त्यावर प्लॅस्टिक बांधावे; भिजलेले वेष्टन निरुपयोगी ठरते. वेष्टनाने ऊब निर्माण होत नाही, असलेली ऊब केवळ टिकते, हेही विसरू नये. नवे घर बांधणाऱ्यांनी नळ्या उत्तरेकडील भिंतीतून नेऊ नयेत, व जमिनीत गोठणथराच्या खाली पुराव्यात. लडाखमध्ये हा थर बराच खोल जातो. त्यामुळे खोली किती असावी, हे स्थानिक पाणीपुरवठा खात्यास विचारूनच ठरवावे.

इतके करूनही नळ गोठलाच, तर उतावीळ होऊ नये. प्रथम तोटी उघडावी. मग कोमट पाण्यात भिजविलेली फडकी नळीभोवती गुंडाळीत, तोटीपासून मागे मागे सरकत जावे. उकळते पाणी ओतणे किंवा नळीखाली जाळ करणे धोक्याचे आहे. नळी फुटते, प्लॅस्टिकची असल्यास वितळते, आणि लाकडी घराला आग लागण्याचाही संभव असतो. नळ्या गोठलेल्या असताना गिझर चालू करणे तर अत्यंत घातक. आतला दाब बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यास त्याचा स्फोट होऊ शकतो. न्हाणीघर उबदार व्हावे म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून ठेवू नये. तिच्या विषारी वायूला वासही नसतो.

ही सारी व्यवस्था दहा मिनिटांची आहे. दिवाळीनंतर थंडी वाढू लागताच मुख्य चावी कोठे आहे व ती सहज फिरते की नाही, हे घरातील प्रत्येकाने, मुलांनीही, पाहून ठेवावे. ऐन कडाक्यात कारागीर मिळणे कठीण असते. आदल्या रात्री भरलेली बादली मात्र हाताशी असते.