मंगळाची हाक आणि खोडदचे कान

चाकणचे कारखाने मागे टाकून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेस निघाले, की राजगुरुनगर आणि मंचर ओलांडून आपण नारायणगावास पोहोचतो. तेथून पूर्वेस वळले, की खोडद लागते. तेथे शेतांमधून, तारेच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३० थाळ्या मिळून एक रेडिओ-दुर्बीण होते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. दुर्बीण म्हटले तरी तिच्यात डोळा लावून पाहावयाचे काही नाही. तिचे काम ऐकण्याचे. ठिणगी पडली, यंत्र फिरले, की त्यातूनही रेडिओलहरी निघतात आणि दुर्बिणीच्या दृष्टीने तो गोंगाट ठरतो. म्हणून ही जागा शहरांपासून आणि कारखान्यांपासून दूर, मुद्दाम पारखून घेतलेली आहे.

या कानांनी १९ ऑक्टोबर २०१६ रोजी एक विलक्षण गोष्ट ऐकली. युरोपीय अवकाश संस्थेचे शियापारेल्ली नावाचे यान त्या दिवशी मंगळावर उतरत होते. आत माणूस नव्हता. त्याची क्षीण हाक सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर अंतर ओलांडून खोडदला येत होती.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती हाक प्रकाशाच्या वेगाने येते, तरी तिला पोहोचावयास पावणेदहा मिनिटे लागत होती. आणि मंगळाच्या वातावरणात शिरल्यापासून जमिनीस टेकेपर्यंतचा सारा प्रवास अवघ्या सहा मिनिटांचा! म्हणजे यान वातावरणात शिरल्याची वार्ता आपणांस कळेपर्यंत तिकडे सारे आटोपलेले असणार. मग चूक सुधारावयास हुकूम कोण देणार आणि तो पोहोचणार केव्हा? अशा यानाने स्वतःच मोजले पाहिजे, स्वतःच ठरविले पाहिजे. निर्मनुष्य यानाची खरी कसोटी ती हीच.

ताशी सुमारे २१,००० किलोमीटर वेगाने यान आत शिरले. उष्णतारोधक कवचाने आपले काम केले. हवाई छत्री उघडली. आणि मग, टेकण्यास पन्नासेक सेकंद उरली असता, हाक थांबली.

यानाने मंगळाभोवतीच्या जोडीदार यानाकडे धाडलेली माहिती नंतर तपासली तेव्हा कारण उमगले. छत्री उघडताच यानाने असे जोराचे हेलकावे घेतले, की त्यांचा वेग मोजणारे उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन अडकले. दाबमापकाचा काटा शेवटच्या रेघेस टेकून बसावा तसे. संगणकाने तेच माप खरे धरून हिशेब केला आणि यान जवळजवळ उलटे झाले आहे, असे मानले. अंतर मोजणारा रडार बरोबर सांगत होता. परंतु उलट्या दिशेच्या समजुतीमुळे त्या अंतराचे चिन्हच बदलले. उंची शून्याच्याही खाली, म्हणजे यान जमिनीच्या पोटात आहे, असे उत्तर निघाले! यंत्राने आज्ञाधारकपणे छत्री सोडली, इंजिने तीनच सेकंद चालवून बंद केली. प्रत्यक्षात जमीन सुमारे ३.७ किलोमीटर खाली होती. यान ताशी सुमारे ५४० किलोमीटर वेगाने आदळले.

पिंपरी-चिंचवडच्या कामगारास हे समजावून सांगावे लागणार नाही. यंत्रावरचे माप अशक्य आकडा दाखवू लागले, तर हुशार कारागीर आधी मापावर संशय घेतो, माल कापीत सुटत नाही. नेमका हाच संशय त्या संगणकास शिकविला गेला नव्हता. चौकशी समितीनेही चुकीच्या मापांना तोंड देण्याची ही उणीव दाखवून दिली.

अपयश असे नीट ऐकले गेले, तर ते वाया जात नाही. आपले विक्रम यान २०१९ च्या सप्टेंबरात चंद्रावर आदळले. त्या अनुभवाचा अभ्यास करून चांद्रयान-३ घडविले. उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीऐवजी ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद धरली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते सुखरूप टेकले. ग्रहांकडे आपण आपली माणसे न धाडता यंत्रे धाडतो, तेव्हा त्यांच्याबरोबर आपला सावधपणाही धाडावा लागतो. तो मात्र येथेच, कामाच्या टेबलावर, आधी घडवावा लागतो.